बाबांच्या केसांतला कापूस

आमच्या गल्लीत कुजबुजणं नावाचा प्रकारच नव्हता. इंदूरच्या पाटनीपुऱ्यातल्या त्या गल्लीत घरटी एक माणूस मिलमध्ये, आणि मिलचा माणूस हळू बोलला तरी दोन घरं सोडून ऐकू जायचं. माझे बाबा लूमवर होते, विणाई खात्यात. तिथं एवढा खडखडाट की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचत नसे. म्हणून त्या खात्यातली माणसं एकमेकांचे ओठ वाचायची आणि हातांनी बोलायची. धागा तुटला, चहा घेऊ, साहेब आला, लूम बंद, लूम चालू, सगळ्याला खूण. उभी जवानी तिथं काढल्यावर कान राहतात थोडेच! बाबांचे गेले. आपलं बोलणं आपल्याला कळावं म्हणून ते घरात एवढ्या मोठ्यानं बोलायचे की नाक्यावरचा पोहेवाला आईला विचारायचा, "क्यों भाभी, आज फिर गिलकी बनी थी क्या? भिया नाराज लग रहे थे." गिलकी म्हणजे घोसाळी, बाबांना ती अजिबात चालत नसत.

मिलचा भोंगा झाला की थोड्या वेळानं बाबा यायचे, सायकल भिंतीला टेकवायचे आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायचे. केसांत, भुवयांत, मिशीत, कानाच्या पाळीवर, सगळीकडे बारीक पांढरा कापूस. आई दारातून म्हणायची, "आला बघ तुझा म्हातारा." त्यांनी तोंड धुवायच्या आधी तो कापूस वेचायचा, हे काम माझं. मोठ्या बहिणीला त्याची घाण वाटायची आणि तसंही तिचं लग्न लवकर होऊन ती महूला गेली. मी वरच्या पायरीवर बाबांच्या मागं बसायचे, गुडघे त्यांच्या पाठीला टेकवून, आणि एकेक तंतू काढायचे. बाबा डोळे मिटून बसायचे.

आणि वेचता वेचता मी बोलायचे. मागून बोलल्यावर त्यांना ना ओठ दिसायचे ना आवाज जायचा. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी बोलायचे. आईला काही सांगावं तर ती लगेच उपाय सांगणार. बहिणीला सांगावं तर दुसऱ्या दिवशी ते गल्लीभर होणार. बाबांच्या पाठीशी बोललेलं कुठं जात नव्हतं. वर्गात फळ्याजवळ उभं केलं की पाय लटपटतात, मैत्रीण बोलत नाही, पहिला नंबर गेला तर काय, आई मरून गेली तर काय, असलं सगळं मी त्या कापसाबरोबर काढून टाकायचे. बाबा मधेच मान हलवायचे. कशाला हलवायचे कोण जाणे! सगळं बोलून झालं की मला भूक लागायची आणि मी आत पळायचे.

वेचलेल्या कापसाची मी बाहुलीला उशी केली होती. बाहुली इथल्याच लालबागच्या जत्रेतली, तिचा एक डोळा मिटायचा नाही. आईच्या जुन्या पोलक्याच्या तुकड्याची खोळ आणि आत बाबांच्या डोक्यातला कापूस. बाहुली खेळायचं वय गेलं तरी त्या उशीत मी भर घालतच होते. ती चांगली मुठीएवढ्याची वीतभर झाली होती.

कापसाची दुसरी बाजू शेजारी राहायची. शेजारचे काका कापूस पिंजायच्या खात्यात होते. तिथली हवा म्हणजे नुसता कापूस. ते खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचे आणि श्वास घेताना त्यांच्या छातीत शिट्टी वाजायची. सोमवारी सगळ्यात जास्त. रविवारची सुट्टी घेऊन माणूस परत त्या हवेत शिरला की छाती आवळते, हे मिलच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मिलचा डॉक्टर मात्र दर वेळी त्यांना सांगायचा, काही नाही, कमजोरी आहे. त्या कमजोरीनंच काका गेले. बाबा खांदा देऊन आले आणि ओट्यावर बसले, तेव्हा म्हणाले, "छातीत कापूस भरला रे भरला की माणूस उसवत जातो." त्या दिवशी त्यांच्या केसांत काही वेचण्यासारखं नव्हतं, तरी मी वेचत बसले.

मग मिल बंद झाली. एकदम नाही. आधी पाळ्या कमी झाल्या, मग भोंगा वेळीअवेळी वाजायला लागला, मग वाजेनासा झाला. माणसं रोज आंघोळ करून, भांग पाडून गेटपाशी जाऊन उभी राहायची, आज ना उद्या उघडेल म्हणून. पेपरात लिहून यायचं की देश आता खुला झालाय, बाहेरच्या कंपन्या येणार. बाबा तो पेपर पोहेवाल्याकडे वाचायचे आणि घरी येऊन ओरडून विचारायचे, "सगळा देश खुलला, मग आमचं एक गेट का नाही खुलत?" शहराच्या श्रीमंत भागात, पलासियाला, काचेची दुकानं झाली, नव्या नव्या गाड्या आल्या, भिंतींवर कोचिंग क्लासचे बोर्ड लागले आणि त्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. इकडे आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या पुरुष दिसायला लागले. लहानपणी मी असे पुरुष फक्त रविवारी बघितले होते.

बाबा हातोदच्या मंडीत जायला लागले. धान्याची पोती भरली की दाभणानं त्यांची तोंडं शिवायची, हे काम. ज्या माणसानं तलम कापड विणलं तो सुतळीनं पोती शिवत होता. ते घरी यायचे तेव्हा अंगावर गव्हाची धूळ असायची आणि ती ते बसच्या स्टँडवरच झटकून यायचे. ओट्यावर बसायचं कारण उरलं नव्हतं. मीही आता मोठी झाले होते, अकरावीत. मागं बसून बडबडायला निमित्त काय? तेव्हा मला वाटलं, सुटले एका कामातून. वेडी!

मी हुशार होते, हे मी नाही, गल्ली म्हणायची. आजोबा महूच्या छावणीत फौजेत होते. विहारात जायचे तेव्हा मला बोटाला धरून न्यायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, ही आपल्या घरातली पहिली डॉक्टर. आजोबा गेले, पण त्यांचं ते वाक्य घरातच राहिलं. मिल बंद झाल्यावर तर आईबाबांना दुसरा आधारच नव्हता. मेडिकलच्या प्रवेशाची, पीएमटीची परीक्षा द्यायची, सरकारी कॉलेजात नंबर लावायचा, बस. पलासियाला क्लास लावला. गल्लीतल्या बायका मला आत्तापासूनच डॉक्टरीणबाई म्हणून हाक मारायच्या आणि येता-जाता आपले गुडघे दाखवायच्या.

क्लास सुरू झाला त्या दिवशी बाबांनी जाहीर केलं, "आजपासून या घरात आवाज नको!" हे ते असे ओरडले की समोरच्या घरातलं तान्हं पोर उठलं. पण बाबा शब्दाचे पक्के. त्या दिवसापासून त्यांनी घरात तोंड उघडणं सोडलं. आपला आवाज आवरत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तेव्हा आवाजच नको. आईनं कुकर वर ठेवून दिला, शिट्टी नको म्हणून ती पातेल्यात डाळ शिजवायला लागली. शेजारी रेडिओ बारीक झाला. पोरं ओट्यासमोर क्रिकेट खेळेनात. सगळी गल्ली माझ्यासाठी श्वास धरून बसली. आणि मी, जी जन्मापासून त्या गोंगाटात पाढे पाठ करत आले, ती त्या शांततेत पुस्तक उघडून बसायचे आणि मला फक्त माझं काळीज ऐकू यायचं. धाड, धाड, धाड. कोणी तरी ओरडा यार, असं वाटायचं.

आईबाबा आता हातांनी बोलायचे. आईलाही ती भाषा येत होती, नवऱ्याशी संसार करायचा तर यायलाच हवी. बिचारे एक विसरले की ती भाषा मलाही येते. मी पुस्तकावरून हळूच बघायचे. खात्यात जशी प्रत्येकाला एक खूण असते तशी घरात माझी खूण होती, कानांजवळून दोन बोटं खाली ओढायची, म्हणजे दोन वेण्या. एकदा संध्याकाळी बाबांनी आईला हात पालथे करून दाखवले, सगळं बंद. तिकडचं बंद, इकडचं बंद. मग दोन वेण्या ओढल्या आणि बोट गोल फिरवलं. एवढा एकच लूम चालू आहे. आणि हसले. फार दिवसांनी हसले. आईनंही डोळे पुसत बोट गोल फिरवलं.

त्या दिवसापासून मला जेवण जाईना. एक गणित चुकलं की वाटायचं, झालं, आता सगळं गेलं. दुसरी पोरं किती वाचतात, कोण कुठल्या धड्यावर आहे, याचाच हिशेब डोक्यात. क्लासमध्ये दर सोमवारी टेस्ट व्हायची आणि संध्याकाळी सगळ्यांचे नंबर जिन्याजवळ लावायचे. तिथं आईबाप पण यायचे बघायला. रविवारपासूनच माझे तळहात ओले व्हायचे. आईनं ओळखलं की काहीतरी बिनसलंय. आमच्याकडे नजर-बिजर काही मानत नाहीत, आजोबा असते तर ओरडले असते, पण आईनं बाबा मंडीत गेल्यावर मिरच्या ओवाळल्याच. ठसका लागला तेवढा.

आणि एका सोमवारी, टेस्टचा पेपर हातात आला आणि माझा श्वास आतच जाईना. छाती दोरीनं आवळावी तशी आवळली. हात थंड, बोटं वाकडी. मी मरतेय याची मला खात्री झाली. वर्गातल्या एका मुलीनं मला टेम्पोत घालून घरी आणलं. आईनं पाणी पाजलं, पंख्याखाली बसवलं. बाबा हातोदहून आले तेव्हा मी खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि ओढून ओढून श्वास घेत होते.

बाबा उंबरठ्यावरच थांबले. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. कितीतरी महिन्यांनी ते मोठ्यानं बोलले. "छाती भरल्यासारखी वाटते?"

मी मान हलवली.

"आधी पण होत होतं? सोमवारी जास्त?"

हो, सोमवारीच जास्त. टेस्ट सोमवारी होती ना! पण हे कुठं विचारलं त्यांनी, आणि मी तरी कुठं सांगितलं? मलाच कळत नव्हतं. बाबा खाली बसले आणि कपाळाला हात लावला. ज्या माणसानं शेजारच्या खाटेवर रोज तेच बघितलं, त्याला दुसरं काय सुचणार? कापूस.

सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "फोटो एकदम साफ है. थोड़ी कमज़ोरी है. टॉनिक पिलाओ." झालं! कमजोरी हा शब्द बाबांनी डॉक्टरांच्या ओठांवर वाचला आणि त्यांचा उरलासुरला संशय फिटला. काकांना पण मरेपर्यंत कमजोरीच होती की.

पोरगी मिलमध्ये पाऊल न टाकता तिच्या छातीत कापूस आला कसा? बाबांनी त्याचंही उत्तर शोधलं. घरी आल्यावर त्यांनी पेटीतून मिलचे जुने कपडे काढले आणि मागच्या अंगणात जाळले. बाहुलीची उशी शोधून काढली, खोळ फाडली आणि तीही त्या आगीत टाकली. मी "बाबा, ती नको" म्हणून ओरडले, पण त्यांची पाठ होती माझ्याकडे. मग त्यांनी भिंती धुतल्या, चुना लावला. आणि त्यानंतर ते माझ्याजवळ यायचे बंद झाले. जेवण ओट्यावर, झोपणं ओट्यावर. मी जाऊन शेजारी बसले की काहीतरी काम आठवल्यासारखं करून उठायचे. काही बोलायचेही नाहीत. घरात आवाज नको ना!

मला वाटलं, रागावलेत. नंबर खाली जातोय, लूम थांबायला आलाय, म्हणून माझं तोंड बघवत नाही. हे सांगू कोणाला? ज्या पाठीला सांगायचे ती पाठ उठून जात होती. कापसावर तर माझाही विश्वास बसायला लागला. मिलच्या पोरीला कापसाचं दुखणं शोभतं तरी. मी घाबरते असं म्हटलं असतं तर आई म्हणाली असती, घाबरतेस कशाला, आम्ही आहोत ना. तेच तर, आई. तुम्ही आहात ना.

परीक्षेच्या दिवशी आईनं हातावर दही-साखर ठेवली. बाबा मला केंद्रावर सोडायला आले, पण टेम्पोत पुढं ड्रायव्हरजवळ बसले. तिथं गेटबाहेर आईबापांची ही गर्दी, कोणी पोराच्या पाठीवरून हात फिरवतंय, कोणी शेवटचं काही वाचून दाखवतंय. बाबा रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले. मी आत गेले. त्या हॉलमध्ये आमच्या घरासारखीच शांतता होती. पेपर वाटला. पहिले काही प्रश्न मी सोडवले, येत होते मला, देवाशपथ सांगते, सगळे येत होते. मग ते धाड धाड सुरू झालं, अक्षरं हलायला लागली, आणि श्वास अडकला. मॅडमनी पाणी आणून दिलं. माझा हात पेन धरेना. मी उठले आणि बाहेर आले.

गेटबाहेर सगळे माझ्याकडे बघायला लागले, वेळेच्या आधी कोण आलं म्हणून. बाबांनी पलीकडून मला पाहिलं. रस्त्यावर ट्रक, टेम्पो, त्यांच्या-माझ्यात एवढं अंतर, पण आमच्या भाषेला अंतराचं काय! त्यांनी बोट गोल फिरवलं आणि भुवया उचलल्या. चालू?

मी हात पालथा केला. बंद.

बाबांनी मान वळवली. आमच्या भाषेत समोरच्याचं ऐकायचं नसेल तर कान झाकावे लागत नाहीत, मान वळवली की झालं. मी हात उचलून अजून काहीतरी सांगणार होते. काय सांगणार होते ते आता आठवतही नाही. ते टेम्पोच्या दिशेनं चालायला लागले, मी मागून चालत राहिले. घरी येईपर्यंत त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. आईनं दारातच आमचे चेहरे बघितले आणि आत जाऊन कुकर खाली काढला.

पुन्हा परीक्षेला बस असं मला कोणी म्हणालं नाही. हे त्या वेळी मला लागलं होतं. मी साधं बीएस्सी केलं, नंतर बँकेत लागले, त्याच पलासियात. लग्न झालं, सासरही इंदूरचंच. लोक म्हणतात मी तोंडाची फटकळ आहे. असेन. काउंटरवर कोणाला ऐकून घेत नाही. पण माहेरी गेले की मी ओट्याच्या एका टोकाला आणि बाबा दुसऱ्या टोकाला, याची आम्हाला सवयच झाली. सवय झाली की माणूस कारण विचारत नाही.

कारण कळलं ते मुलगी झाली तेव्हा. बाबा दवाखान्यात आले आणि दारातूनच बघून निघाले. नातीला हातात घेईनात. मी भडकले. माझ्याशी जे वागलात ते वागलात, आता हिच्याशीही? तेव्हा आई म्हणाली, "अगं, राग नाही गं. त्यांना वाटतं की त्यांच्या केसांतला कापूस वेचून वेचून तुझ्या छातीत गेला. त्यांच्यामुळं तुझं डॉक्टर होणं गेलं. आता पोरीला तरी लांब ठेवावं म्हणतात." एवढी वर्षं! एवढी वर्षं हा माणूस माझ्यापासून लांब बसला तो माझी छाती जपायला, आणि मी समजत होते माझं तोंड बघायला नको म्हणून. परीक्षेच्या दिवशी मान वळवली तीही रागानं नाही, आई म्हणाली, ते रडत होते.

मी बाबांसमोर बसून पुष्कळ समजावलं. फोटो साफ होता, मी ठणठणीत आहे, बघा. पण ते म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "मग श्वास का लागायचा?" ते विचारायचे. अजूनही कधीतरी बँकेत इन्स्पेक्शन असलं की बोटं थंड पडायची, छाती आवळायची, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहायचे. काय होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. कापूस नाही तर दुसरं काय सांगू?

आई गेली. मुलगी मोठी झाली, क्लासला जायला लागली. मी तिला कधी म्हणाले नाही हे हो, ते हो. उलट दहादा म्हणायचे, टेन्शन घेऊ नको. हळू आवाजात म्हणायचे. आणि गेल्या वर्षी तिच्या शाळेतून फोन आला की मुलगी वर्गात पडली, श्वास घेता येत नाहीये.

शाळेत मुलांशी बोलायला एक बाई आहेत, पुण्याहून आलेल्या, वयानं माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी मला बसवलं आणि त्यांच्या त्या स्वच्छ मराठीत सांगितलं, "ही भीती आहे. नाटक नाही आणि छातीचा आजारही नाही. मन फार दिवस घाबरलेलं असलं की शरीर असं वागतं. हात गार पडतात, श्वास अडकतो, मरतोय असं वाटतं." एकेक खूण त्या सांगत होत्या आणि मी ती माझ्यावर ताडून बघत होते. काखेत कळसा आणि आम्ही गावभर एक्स-रे काढत हिंडलो. मी विचारलं, ती मला का बोलली नाही? त्या म्हणाल्या, "तिला वाटतं, सांगितलं तर मम्मीला टेन्शन येईल."

त्या बाईंसमोर मी धाय मोकलून रडले. चांगली पन्नाशीला आलेली बाई, पदरात तोंड खुपसून.

मुलगी आता बरी आहे. त्या बाईंकडे जाते, बोलते. माझ्याशीही बोलते, मी उपाय सांगायला लागले की हात वर करते आणि म्हणते, "मम्मी, बस सुनो." मी ऐकते. जड जातं, पण ऐकते.

पण तिला असं झालं हे बाबांच्या कानावर, म्हणजे डोळ्यांवर, गेलंच. आम्ही त्यांच्याकडे गेलो असताना पोरीचा श्वास जरा वर-खाली झाला आणि त्यांनी पाहिलं. आता ते फार थकलेत, काठी घेतल्याशिवाय ओट्यावरही येत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच गेले तर ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून रडत होते. मला बघून म्हणाले, "तुझ्यातून हिच्यात गेला. माझा कापूस हिच्यात पण गेला." गल्लीतल्या नव्या भाडेकऱ्यांना काय समजणार? ते दारातून बघत होते.

मी त्यांच्या अगदी समोर बसले. त्यांनी मागं सरकायचा प्रयत्न केला, पण मागं वरची पायरी होती. भीतीला आमच्या हातांत खूण नाही. लूमवर घाबरणाऱ्याची बोटं जातात, त्याची खूण कोण करणार? म्हणून मी ओठांनी सावकाश सांगितलं. "बाबा, कापूस नव्हता. मला पण नव्हता, हिला पण नाही. भीती होती. नापास होईन, तुम्हाला वाईट वाटेल, घराचं काय होईल, याची भीती. भीतीनं श्वास अडकतो. डॉक्टरच म्हणतात."

त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. मग ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, सुटला बिचारा. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. पोरीच्या छातीत आपण काही घातलं नाही, हे कळलं एकदाचं. मी हसणारच होते.

बाबा म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कापूस तर मिलचा होता गं. भीती कोणाची होती? ती तर घरचीच ना?"

त्यांना खोटं सांगावं तर ते ओठ वाचतात, आयुष्यभर वाचत आलेत. खरं सांगावं तर कोणत्या तोंडानं?

मी उठले. वरच्या पायरीवर त्यांच्या मागं जाऊन बसले, गुडघे त्यांच्या पाठीला टेकवले. ते उठले नाहीत. केस आता सगळेच पांढरे, त्यात वेचायला काय असणार? तरी मी बोटं फिरवत राहिले. मग मागूनच, जिथून त्यांना ना ओठ दिसत होते ना आवाज जात होता, मी म्हणाले, "हो बाबा. घरचीच होती."

बाबांनी मान हलवली.